करकोच्यांचं सोयर

मुक्काम आडतळं, तालुका हिंगोली
माघ वद्य चतुर्थी, शके १८५९

डोंगरकड्याचे आमचे व्याही किसनराव पाटील यांना आडतळ्याच्या सटवाजीचा पागोटं सावरून, दोन्ही हात जोडून रामराम.

इकडं आम्ही सगळे धडधाकट आहोत, तुमच्याकडंही तसंच असावं. विहीणबाईंचा खोकला थांबला का? नसेल थांबला तर अडुळशाचा रस मधातून द्या, दोन दिवसांत फरक पडतो. तुमच्या डाव्या गुडघ्याची चौकशी पार्वतीबाईनं मुद्दाम करायला सांगितली आहे (गेले बारा दिवस ती माझ्याशी बोलत नाही, पण तुमच्या गुडघ्याचं विचारा एवढं तिनं शकूकडून सांगवलं). सुपारी फोडायला आलात तेव्हा आमच्या उंबऱ्याला ठेचाळलात, तोच ना हा गुडघा? उंबरा मी सुताराकडून तासून घेतला. आता खुशाल या. कधी यायचं ते खाली लिहितो.

अक्षर बघून तुम्ही म्हणाल, सटवाजीचं अक्षर एवढं सरळ कधी झालं? ते माझं नाही. शकू विष्णुपंत जोशांच्या ओसरीवर चार बुकं शिकली, त्याचा आता उपयोग करून घेतो. मी सांगतो, ती लिहिते. मी ‘न्हाई’ म्हटलं की ती ‘नाही’ लिहिते, ‘व्हय’ म्हटलं की ‘होय’ लिहिते, आणि शिवी दिली तर लेखणीच खाली ठेवते. त्यामुळं पत्र जरा सोवळ्यातलं वाटलं तर दोष तिचा. (तुमची होणारी सून लिहिण्यात किती तयार आहे, हेही यात आलं.)

लग्नाचं म्हणाल तर सगळी तयारी जोरात आहे. पापड झाले, कुरड्या झाल्या, मांडवाच्या मेढी तोडून वाळत टाकल्या. फाल्गुन शुद्ध पंचमी माझ्या पक्की ध्यानात आहे. सटवाजी तिथी विसरला असं कुणी तिकडं सांगत आलं तर त्याला उभं करू नका. पण त्याआधी आमच्या तळ्यावर काय घडलं ते तुम्हाला कळलं पाहिजे. ते सगळं मी एकट्याच्या हिमतीवर निभावलं, तेव्हा काळजीचं काही नाही.

आमचं तळं तुम्ही पाहिलंय, पण गुडघ्याच्या गडबडीत पाहिलंय. गावाच्या उगवतीला, पुसेगावच्या वाटेवर. काठाला सगळी दलदल आणि लव्हाळं, आणि मधोमध बेट. बेटावर बाभळी आणि एक म्हातारा वड. दिवाळी सरली की तिथं करकोचे उतरतात. पुरुषभर लांब वाटाव्यात अशा टांगा, पिवळी चोच, आणि शेपटाजवळ असा गुलाबी रंग की रंगाऱ्यानं हात पुसलेत जणू. एवढं मोठं पाखरू आपल्या मुलखात दुसरीकडं घरटं करत नाही. सेनगावच्या बाजाराला निघालेली माणसं वाकडी वाट करून बघून जातात. पण आडतळ्यात त्यांना पाखरं कुणी म्हणत नाही. ‘लेकी आल्या’ म्हणतात. बाळंतपणाला माहेरी येतात, पिल्लं उडती झाली की चैत्रात आपापल्या सासरी जातात. पहिलं घरटं दिसलं की आमची भिकाबाई सुईण (तीच, शकूच्या वेळची) काठावर जाऊन हळदकुंकू, खण ठेवून येते, आणि त्या दिवसापासून बेटावर कुणी पाय टाकत नाही. माझ्या आज्याच्या काळात मोठा दुष्काळ पडला, गुरांना झाडाचा पाला उरला नाही, तरी बेटावर विळा गेला नाही. हे आमच्याकडं असंच चालत आलं आहे.

तर रथसप्तमीच्या दिवशी सकाळी दौऱ्यावरचे एक बडे साहेब घोड्यावरून आले. नाव लिहीत नाही, कारण माणूस मोठा, आणि पुढं चांगला निघाला. बरोबर दोन बंदुका आणि भीमसिंग नावाचा जमादार. हा भीमसिंग मूळचा उत्तरेकडचा, मिशा अशा की त्यावर लिंबू ठेवावं. साहेबांना कुणीतरी सांगितलेलं, आडतळ्याला माणसाएवढी पाखरं आहेत म्हणून. मला हुकूम झाला: पंधरा हाकारे काढा आणि होडी लावा. मी म्हटलं, जी हुजूर. (आपण पाटील माणसं. आधी जी हुजूर म्हणायचं आणि मग काय करायचं ते ठरवायचं. तुम्हीही हेच करता, मी डोंगरकड्याला पाहिलंय.)

पहिली युक्ती केली हुरड्याची. माघातला दूध भरलेला हुरडा, लसणाची चटणी, वर गूळ आणि ताक. म्हटलं, एवढं पोटात गेल्यावर बंदूक उचलणारा माणूस अजून जन्माला यायचाय. साहेबांनी तीन माणसांचा हुरडा खाल्ला आणि टुणकन उठून उभे राहिले. आंब्याखाली आडवा झालो तो मी. भीमसिंगनं हलवून उठवलं तेव्हा ऊन चांगलंच कलतं झालं होतं, म्हणजे युक्ती अगदीच वाया गेली असंही नाही.

दुसरी युक्ती, होडी नाही. खरंच नाही. मी हात जोडून म्हटलं, हुजूर, या तळ्यात होडी कधी कुणी पाहिलीच नाही. साहेबांनी विचारलं, मग तुमचा भोई पलीकडं कसा जातो? मी काही बोलायच्या आत आमचा संतराम भोई म्हणतो, “पाटलाच्या गुळाच्या काहिलीतून जातो जी.” या संतरामाला खोटं बोलता येत नाही. त्याच्या आईनं लहानपणी काय खाऊ घातलं कोण जाणे. दलदलीतून पलीकडं जायचं तर माझ्या गुऱ्हाळातली मोठी काहीलच तो नेतो हे खरं, पण ते साहेबाला सांगायची काही गरज होती का?

तर काहील पाण्यात उतरवली. तुम्हाला सांगतो, किसनराव, काहील ही गूळ शिजवायला केलेली वस्तू आहे. तिला पुढं-मागं नसतं. संतराम बांबू रेटतो डावीकडून, काहील फिरते उजवीकडून, आणि आत बसलेल्या माणसाला गाव, बेट, पुसेगावचा रस्ता, पुन्हा गाव, पुन्हा बेट असं सगळं नजरेसमोरून सारखं जाऊन राहिलं. साहेबांनी एका हातानं टोपी धरली, एका हातानं बंदूक, आणि तिसरा हात नसल्यामुळं मला धरलं. मी त्यांना धीर देत होतो. मला घेरी आली आणि मी काहिलीच्या तळाशी पडून होतो असं संतराम गावभर सांगतो, ते खोटं आहे (वर लिहिलंय की त्याला खोटं बोलता येत नाही, ते शकूला खोडायला सांगितलं, तर ती खोडत नाही). मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होतो, आणि ते पडूनच नीट घेता येतं.

बेटावर उतरलो आणि वर बघितलं. अरे काय सांगू! बाभळीच्या शेंड्याशेंड्यावर घरटी, चोचींचा असा कडकडाट की जणू सगळं गाव एकदम टिपऱ्या खेळतंय. मासळीचा असा वास की डोळ्यांतून पाणी. साहेबांनी बंदूक खांद्याला लावली. तेवढ्यात वरच्या घरट्यातलं एक पिल्लू घाबरलं आणि घाबरलं की ते जे करतं ते त्यानं केलं. पोटातली सगळी मासळी वरून ओकली. अर्धी माझ्या पागोट्यावर, अर्धी साहेबांच्या कोटावर. एक अख्खा मासा बंदुकीच्या घोड्यावर.

त्या क्षणी मला जे सुचलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. मी पुढं होऊन म्हटलं, हुजूर, घात झाला, ही बाळंतिणीची खोली आहे. आपल्याला लेकराची ओक लागली, म्हणजे आपल्यालाही सोयर लागलं. साहेबांनी विचारलं, “सोयर बोले तो क्या?” मी सांगितलं: घरात लेकी-सुनेचं बाळंतपण झालं की त्या घराला सोयर असतं. देवाला शिवायचं नाही, कुठलं मंगलकार्य करायचं नाही, आणि घरात शस्त्र तर काढायचंच नाही. (हे शस्त्राचं मी घातलं.) ह्या पाखरी आमच्या गावच्या लेकी, इथं बाळंतपणाला आल्यात, हे बेट म्हणजे त्यांचं माहेर.

साहेब वर बघत राहिले. उन्हं अजून होती, आणि एक करकोची घरट्यावर दोन्ही पंख पसरून उभी होती, पिल्लांवर सावली धरून. हलत नव्हती. तिचा नवरा तळ्यातून चोचीत पाणी घेऊन आला आणि त्यानं ते पिल्लांच्या अंगावर ओतलं. पुन्हा गेला, पुन्हा आणलं. साहेबांनी बंदूक खाली केली, माशासकट. मग हळूच म्हणाले, “पाटील, आमचीपण एक बेटी आहे. औरंगाबादेत दिली.” एवढंच. मला वाटलं, झालं, जिंकलो.

तिथं थांबलो असतो तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण माझी जीभ! एकदा सुरू झाली की बैलगाडी उतारावरून सुटल्यासारखी. साहेबांनी नुसतं विचारलं की हे सोयर दहा दिवसांचं ना? मी म्हटलं, माणसाचं दहा दिवसांचं, हुजूर. ह्यांचं पिल्लं उडेपर्यंत. तोवर अख्खं गाव सोयर पाळतं. गावात ढोल वाजत नाही, सनई वाजत नाही, मांडव पडत नाही. आमच्या बापजाद्यांपासून बराबर असंच आहे.

आता हे किसनराव तुम्हाला म्हणून सांगतो, असं कुणीही, कधीही पाळलेलं नाही. खण-हळदकुंकू खरं, बेटावर न जाणं खरं, पण अख्ख्या गावाला सोयर हे मी उभ्या उभ्या तयार केलं.

साहेब शिकारी माणूस. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाले, ठीक. आजपासून हे तळं, ही दलदल आणि हे बेट राखीव. इथं बार काढायचा नाही, झाड तोडायचं नाही, बेटाजवळ जाळं टाकायचं नाही; माझा लेखी हुकूम होईल. पाटलानं दर आठवड्याला पिल्लं मोजून मला कळवायची. भीमसिंग इथंच राहील आणि गाव सोयर पाळतं का ते बघेल. पिल्लं उडायच्या आत या गावात एक जरी मांडव पडला, तर मी समजेन की पाटलानं मला गोष्ट सांगितली, आणि दोन्ही बंदुका घेऊन परत येईन. मी छाती काढून म्हटलं, जी हुजूर!

परत येताना काहील बेटापासून जरा सुटली असेल-नसेल, संतरामानं बांबू थांबवून मला विचारलं, “पाटील, मंग शकूचं लगीन?”

तेव्हा मात्र मला खरंच घेरी आली.

पुढचे बारा दिवस कसे गेले ते लिहायला दौत पुरणार नाही. विष्णुपंत म्हणतात, शास्त्रात पाखराचं सोयर कुठंच नाही. मी म्हटलं, पंत, शास्त्र लिहिणाऱ्यांनी आडतळं पाहिलं नव्हतं. ते तणतणत गेले, पण दुसऱ्या दिवशी स्वतः काठावर उभं राहून पिल्लांना आशीर्वाद देत होते, मी बघितलं. संतरामाला बेटाकडची जागा सुटली, आता तो बांधाकडं जाळं टाकतो आणि मासळी लहान लागते म्हणून मला ऐकवतो. भीमसिंगला सोयर आणि सुतक यांतला फरक कुणी सांगितलेला नाही, आणि त्याला विचारायची लाज वाटते. त्यामुळं तो दोन्ही पाळायला लावतो. न्हावी माझ्याकडं निघाला की त्याला वाटेतून परत पाठवतो. दाढी अशी वाढली आहे की काल पुसेगावच्या बाजारात एका म्हातारीनं माझ्या पाया पडून नवस बोलला. मी आशीर्वाद दिला, उगाच तिला तकलीफ काहून द्या. तळ्याच्या वाटेवर मोठा फळा ठोकला आहे, त्यावर साहेबांचा हुकूम उर्दूत आहे, आणि तो भीमसिंगशिवाय कुणाला वाचता येत नाही. तो रोज सकाळी मोठ्यानं वाचतो आणि स्वतःच त्याला सलाम करतो.

पिल्लं मी स्वतः मोजतो. शकू सोबतीला येते, पण मोजणी माझी. या वयातही माझी नजर घारीची आहे. आज सकाळी एकशे नऊ भरली. गेल्या आठवड्यात कापसाच्या बोंडाएवढी डोकी होती, आता माना वर काढून भांडतात. मला तर त्यांतली काही ओळखूसुद्धा यायला लागली आहेत. एका बंदुकीचा बार न काढता, एक काठी न उचलता, गावाच्या लेकी मी राखल्या. हिंगोली तालुक्यात असा पाटील दुसरा दाखवा.

बाकी सर्व ठीक. विहीणबाईंना आमच्या घरातून नमस्कार, आमचे होणारे जावई रामकिशनराव यांना आशीर्वाद, तांबड्या बैलाच्या खुराला डांबर लावत जा. लोभ आहेच, तो आहे तसाच ठेवा, कमी करू नका.

तुमचा,
सटवाजी, पाटील, आडतळं

ताजा कलम. एक बारीकशी गोष्ट राहिली. वरच्या सगळ्यामुळं फाल्गुन शुद्ध पंचमीला लग्न होत नाही. विष्णुपंतांनी वैशाख शुद्ध सप्तमी काढून दिली आहे, तिथी चांगली आहे, आंबेही पिकलेले असतील. तुम्ही समजूतदार माणूस, तुम्हाला यात राग येण्यासारखं काही दिसणार नाही.

आणखी ताजा कलम. राग आलाच आणि भांडायला निघालात, तर गाडीच्या बैलांच्या घुंगुरमाळा पुसेगावातच काढून ठेवा. भीमसिंगला वरात वाटेल. त्यापेक्षा येऊच नका, असं करा: एक उलटं पत्र पाठवा की तुमच्या गुडघ्यामुळं तुम्हालाच फाल्गुनात जमत नाही, लग्न वैशाखात धरा. ते मी पार्वतीबाईला वाचून दाखवीन. म्हणजे दोष गुडघ्याचा होईल आणि ती माझ्याशी बोलायला लागेल. तुमच्या गुडघ्यानं आमच्या घरावर एवढा उपकार करावा.

अजून एक. हे मी माझ्या हातानं लिहून राहिलो. शकू पाण्याला गेली. अक्षराला हसू नगा. किसनराव, आठ दिवसांमागं सायबाची चिठ्ठी आली. भीमसिंगनं मला बांधावर एकट्याला वाचून दावली. सायेब म्हनतात, पाटील, तुमच्या घरी लेकीचं लगीन हाय हे मला मागून समजलं. सोयर खरं का खोटं मी इचारत न्हाई. तळं राखीव ते राखीवच. लगीन खुशाल करा, फक्त तळ्याकडं बार काढू नका. म्या ते कुनालाच सांगितलं न्हाई, भीमसिंगलाबी गप ऱ्हायला लावलं. चिठ्ठी पागोट्यात घालून ठेवलीय. आता तुमी म्हनाल काहून? तुमी दोन लेकी दिल्या, तुमाला ठावं असंल. पंचमीला पंधरा दिस ऱ्हायलेत हे ध्यानात आलं आन् मला जेवन जाईना. पोरगं रोज सकाळी मह्यासंगं तळ्यावर येतं. पिल्लं उडुस्तोवर राहू द्या की तिला. मंग तुमचीच हाय. कागद वाचून चुलीत घाला.

ती. मामंजींना शकूचा शिरसाष्टांग नमस्कार. आबांनी पत्र डाकेत द्यायला माझ्याकडंच दिलं आणि पाकीट चिकटवायचं विसरले, म्हणून हा आगाऊपणा. साहेबांची चिठ्ठी भीमसिंगकाकांनी आधी मलाच वाचून दाखवली होती. ती आबांना दाखवू नका, असं मी त्यांना हात जोडून सांगितलं होतं, पण त्यांनी ऐकलं नाही. आईला आम्हा दोघांपैकी कुणीच काही सांगितलेलं नाही. तेव्हा वैशाखातलीच तिथी धरावी, आणि गुडघ्याचं अवश्य लिहावं. पिल्लं एकशे नऊ नाहीत, एकशे बारा आहेत. आबांना लांबचं आता नीट दिसत नाही, वडाच्या पलीकडची तीन रोज राहतात. मी काठावरून जागा दाखवते, तरी ते चुकतात. तेवढं त्यांचं मोजणं बरोबर करून देते, मग येते.